कायदा आणि आपण : थकलेले गृहकर्ज आणि अज्ञान वारस

प्रश्न : माझी बहीण आणि मेहुणे वर्षभराच्या अंतराने वारले. पुण्यातील सदनिका आणि तिच्यावरील गृहकर्ज, दोन्ही मेहुण्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. हप्ते थकल्यामुळे बँकेने सरफेसी कायद्याखाली (दिवाणी न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस धाडली आहे. भाची 20 वर्षांची असून शिकते आहे, भाचा 17 वर्षांचा आहे. वकिलाची फी आम्हाला झेपणारी नाही. बँक तडजोडीला तयार आहे. मामा या नात्याने मी मुलांच्या वतीने सही करू का?

उत्तर : सही करू नका. आपला हेतू चांगला असला, तरी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे मामा हा नैसर्गिक पालक नव्हे, आणि केवळ सांभाळ करतो म्हणून कोणालाही अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, मुलाच्या मिळकतीचा व्यवहार करता येत नाही. त्यासाठी 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाकडून नेमणूक करून घ्यावी लागते, आणि त्यानंतरही घर विकायचे झाल्यास न्यायालयाची आधी परवानगी लागते. मेहुण्यांच्या आई हयात असतील, तर त्याही पहिल्या वर्गातील, म्हणजे मुलांच्या बरोबरीने वारसा मिळणाऱ्या, वारस ठरतात. घाईत झालेल्या तडजोडींत ही गोष्ट हमखास विसरली जाते.

वकिलाची चिंता मात्र सोडा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळू शकते, म्हणजे आपली भाची आणि भाचा दोघेही आजच पात्र आहेत. भाचा 18 वर्षांचा झाला की ‘बालक’ म्हणून असलेली त्याची पात्रता संपेल आणि उत्पन्नाची अट त्याला लागू होऊ शकेल, म्हणून त्याचाही अर्ज आत्ताच द्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज चालतो. 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते. या कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दात न्यायाधिकरणही येते, आणि आपल्या प्रकरणात तेच महत्त्वाचे आहे, कारण सरफेसीच्या कारवाईविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही, कर्जवसुली न्यायाधिकरणाकडेच दाद मागावी लागते.

नोटिशीला 60 दिवसांच्या आत लेखी हरकत पाठवा आणि पोच जपून ठेवा. हरकत मान्य नसेल, तर बँकेने 15 दिवसांत कारणे कळवायची असतात. नोटीस मृत व्यक्तीच्याच नावे काढलेली असेल, तर तो मुद्दा हरकतीत पहिला घ्या. केवळ नोटीस आली म्हणून न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही. बँकेने ताब्याचे पाऊल उचलले, की त्या दिवसापासून 45 दिवसांत पुण्यातील कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. ही मुदत लोक बँकेत खेटे घालण्यात घालवतात. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावा लागतो.

मुले स्वतः कर्जात जामीनदार किंवा सहकर्जदार नसतील, तर वडिलांच्या कर्जासाठी त्यांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरतीच आहे. त्यांच्या पुढच्या कमाईवर बँकेला हात घालता येणार नाही, मग वसुली प्रतिनिधी फोनवर काहीही सांगोत.

आणखी एक काम वकील मिळण्याआधीच करा. कर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हे कर्जाच्या मूळ करारात आणि खातेउताऱ्यातील पहिल्या काही कपातींत पाहा. अनेक गृहकर्जांत विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवून असा विमा दिलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. तो सापडल्यास मृत्यूच्या दाखल्यासह दावा लगेच दाखल करा आणि हरकतीच्या पत्रात त्याचा उल्लेख करा.