मॅकची चिप एवढी दमदार आहे, मग मोठे गेम त्यावर का येत नाहीत?

चिपमध्ये खोट नाही. प्रश्न भरवशाचा आहे. आज मॅकसाठी केलेला गेम पाच वर्षांनी चालेल, याची खात्री गेम बनवणाऱ्यांना वाटत नाही.

२०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आली आणि ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची, अ‍ॅप्स बंद पडली. हाफ-लाइफ २, पोर्टल हे गेम पैसे मोजून घेतलेले, डिस्कवर जसेच्या तसे. पण अपडेटनंतर त्यांच्या आयकॉनवर मनाईचं चिन्ह आलं. नेहमीच्या कामाच्या सॉफ्टवेअरची डागडुजी चालूच असते, कारण त्याचे पैसे वर्षानुवर्षं येत राहतात. गेमची बरीचशी विक्री सुरुवातीलाच होऊन जाते आणि टीम पुढच्या गेमला लागते. जुना कोड पुन्हा कोण उघडणार? विंडोजवर मात्र त्या काळातले कितीतरी गेम अजून सुरू होतात.

ग्राफिक्सचं तेच. गेमला ग्राफिक्स चिपशी बोलायला एक सॉफ्टवेअर लागतं. अ‍ॅपलने २०१४ मध्ये त्यासाठी स्वतःचं मेटल आणलं, २०१८ मध्ये सगळीकडे चालणारं जुनं ओपनजीएल मोडीत काढायचं ठरवलं, आणि त्याच्या नव्या वारसाला, व्हल्कनला, तर थारा दिलाच नाही. म्हणजे मोजक्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा खटाटोप.

मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या कंपनीची सुरुवात अशी नव्हती. अ‍ॅपलचा सहसंस्थापक वॉझनियाकने अ‍ॅपल टू हा कॉम्प्युटर बनवला तेव्हा ब्रेकआउट हा गेम त्यावर बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिता यावा, हे त्याच्या डोक्यात होतं. रंग, पॅडल, स्पीकर त्यासाठीच आले. १९९९ मध्ये हेलो हा गेम पहिल्यांदा जगाला दाखवला तोही स्टीव्ह जॉब्जनेच, मॅकवर्ल्ड या मॅकच्या प्रदर्शनाच्या मंचावर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने हेलो बनवणारी बंजी ही कंपनी विकत घेतली आणि हेलो एक्सबॉक्सचा झाला.

अलीकडे हालचाल दिसते. २०२३ च्या गेम पोर्टिंग टूलकिटमुळे विंडोजचा गेम मॅकवर कसा चालेल हे आधी तपासता येतं; २०२५ मध्ये सायबरपंक २०७७ सुद्धा आला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती रोझेटाबद्दलची घोषणा. इंटेल मॅकची अ‍ॅप्स चालवणारी ही सोय टप्प्याटप्प्याने काढली जाणार आहे, मात्र ज्यांच्याकडे आता कोणी बघत नाही अशा जुन्या गेमसाठी तिचा काही भाग ठेवू, असं अ‍ॅपलने २०२५ मध्ये सांगितलं. असा शब्द गेमवाल्यांना खूप आधी द्यायला हवा होता.

तोवर, फक्त गेमसाठी कॉम्प्युटर घेत असाल तर मॅक घेऊ नका.