स्पेसबारवरचा अंगठा काढा

प्रश्न : आईच्या आठवणी मी वर्डमध्ये टाइप करते आहे. प्रकरणांची शीर्षकं स्पेसबार दाबत दाबत मधोमध आणली. नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर मारत गेले. काल अक्षरं १२ची १४ केली आणि सगळं विस्कटलं. पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल का? आणि शीर्षक ठळक करू, तिरपं, की अधोरेखित?

उत्तर : पुन्हा टाइप काही करायचं नाही, मजकूर शाबूत आहे. स्पेस आणि एंटर हीसुद्धा वर्डच्या लेखी अक्षरंच. बाकीची अक्षरं फुगली तशी तीही फुगली, एवढंच झालंय. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

मग होम टॅबवर उलट्या इंग्रजी पीसारखी एक खूण आहे, ती दाबा. जिथे स्पेस तिथे ठिपका, जिथे एंटर तिथे तीच खूण दिसू लागेल. छापताना यातलं काही उमटत नाही. शीर्षकापुढची ठिपक्यांची रांग आणि प्रकरणाआधीचे रिकामे एंटर निर्दयपणे पुसा.

आता शीर्षक कंट्रोल-ईने मध्ये येतं आणि कंट्रोल-एंटरने नवं पान मिळतं, पण पुस्तकाएवढ्या कामाला मी तेही सुचवणार नाही. स्टाइल वापरा, म्हणजे नाव देऊन ठेवलेली तयार सजावट; ती होम टॅबवरच असते. शीर्षकात कर्सर ठेवून ‘हेडिंग १’वर क्लिक करा. असं प्रत्येक शीर्षकाला केलंत की ‘हेडिंग १’वर उजवं क्लिक करून ‘मॉडिफाय’ उघडा आणि मधोमध, ठळक, १८ पॉइंट, जे हवं ते तिथे एकदाच सांगा. त्याच चौकटीत खाली ‘फॉरमॅट’मधून ‘पॅराग्राफ’मध्ये गेलात, तर दुसऱ्या टॅबवर ‘पेज ब्रेक बिफोर’ सापडेल. त्यावर खूण केली की प्रत्येक प्रकरण आपोआप नव्या पानावर. उद्या १८चे २० करावेसे वाटले तर सगळी शीर्षकं एका फटक्यात बदलतात. शिवाय ‘रेफरन्सेस’मधून अनुक्रमणिकाही आयती मिळते, पानांच्या आकड्यांसकट. लोक ती हाताने करत बसतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

परिच्छेदांमधली मोकळी जागाही एंटरने नको. ‘पॅराग्राफ’मध्ये ‘आफ्टर’पुढे ६ किंवा ८ पॉइंट घाला. एका इंचात ७२ पॉइंट, यावरून अंदाज येईल.

शीर्षक ठळकच करा. अधोरेखित केलंत तर रेघ नेमकी उकारांतून जाते आणि ‘कुसुम’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात. तिरपं अक्षर मला तरी देवनागरीत आवडत नाही. बहुतेक फॉन्टमध्ये त्याचं वेगळं रेखाटन नसतं, वर्ड सरळ अक्षरच कलतं करून दाखवतं. आईचं एखादं पत्र उतरवणार असाल तर ते तिरपं करण्यापेक्षा दोन्ही समास थोडे आत घ्या.