काउन्सेलिंगवर पैसे घालवावेत का?

तुम्ही विचारलंय, तासाला हजार-बाराशे देऊन नुसतं बोलायचं, त्याने खरंच फरक पडतो का? मी आठ महिने ते पैसे मोजलेत, म्हणून लिहितोय.

अण्णा गेले आणि मला कोल्हापुरातल्या गंगावेशीत जाणंच जमेना. तिथल्या दूध कट्ट्यावर ते मला लहानपणापासून न्यायचे. समोर म्हैस पिळायची, पेला हातात यायचा, माझ्या ओठावरचा फेस ते स्वतःच्या टॉवेलाने पुसायचे. आता ते वळण आलं की छाती धडधडायची, गाडी मागे फिरवून लांबून घरी यायचो. रात्री झोप नाही.

ज्यांच्याकडे गेलो ते मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडच्या पठडीतले. दर बुधवारी बालपण. अण्णांचा राग यायचा का? नाही म्हटलं, तर "दाबून ठेवलाय". हो म्हटलं, तर "बघा, सापडलं". गंगावेशीचा विषय निघतच नव्हता. पुढे वाचनात आलं, कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा आक्षेप हाच होता : जे कशानेच खोटं ठरत नाही, ते विज्ञान कसं? आणि ज्या 'अ‍ॅना ओ.' नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशंटवरून बोलून बरं करायची ही कल्पना निघाली, तिची केस तिचे डॉक्टर ब्रॉयर यांनी फ्रॉइडबरोबर १८९५च्या पुस्तकात यशस्वी म्हणून मांडली. प्रत्यक्षात १८८२मध्ये ब्रॉयरचे उपचार संपले आणि त्याच वर्षी तिला सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं. हे वाचून मला फार राग आला. माणसं विश्वासाने जातात हो.

मित्रांनी जीव लावला, पण "विसर आता" यापलीकडे त्यांनाही सुचेना.

मग दुसऱ्या एका काउन्सेलर बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सहा आठवड्यांत काय जमायला हवं?" म्हटलं, कट्ट्यावर दूध प्यायचंय. त्यांनी वही करायला लावली : जाण्याआधी काय होईल वाटतं ते लिहायचं, दहा मिनिटं तिथं उभं राहायचं, आल्यावर काय झालं ते लिहायचं. मी लिहिलं, 'चक्कर येऊन पडणार'. पडलो नाही. रडलो. पाचव्या आठवड्यात पेला घेतला. ही पद्धत १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी घडवली, आणि ते स्वतः फ्रॉइडच्याच मनोविश्लेषणात तयार झालेले होते.

तेव्हा पहिल्या भेटीतच विचारा : नेमकं काय बदलणार, किती दिवसांत, आणि बदललं हे कशावरून ठरवायचं? उत्तर टाळलं तर पुन्हा जाऊ नका.

मात्र जीव द्यावासा वाटत असेल, तर यातलं काहीच तपासत बसू नका. आत्ता १४४१६ लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.