शेवटच्या फलंदाजाचीही पाळी

प्रश्न : या उन्हाळ्यात मी मुलाकडे शिकागोला राहून आले. तिथे संध्याकाळी मैदानावर पन्नाशीची माणसे हातमोजे न घालता, सोललेल्या नारळाएवढ्या चेंडूने सॉफ्टबॉल खेळत आणि सामना संपला तरी रेंगाळत. शेजारपाजाऱ्यांशी आपली ओळख या लीगमुळेच झाली, असे मुलगा सांगतो. आमच्या सोसायटीतही क्रिकेटचे सामने होतात, पण मागे उरतात ती भांडणेच. असे का व्हावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलात तो शिकागोचा खास 16 इंची सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचाच एक प्रकार. 16 इंच हा चेंडूचा परीघ. इतरत्र तो साधारण 12 इंच असतो. सॉफ्टबॉलचा जन्मच मुळी या शहरातला. 1887 मध्ये तिथल्या फॅरागट बोट क्लबात काही तरुणांनी बॉक्सिंगचा मोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि क्लबाच्या व्यायामशाळेतच डाव मांडला. पुढे 1930 च्या दशकातील मंदीत हातमोजे विकत घेणे अनेकांना परवडेना आणि मोठा चेंडू फार लांब जात नसल्याने लहानसे मैदानही पुरे, म्हणून कामगार वस्त्यांत हा प्रकार रुजला. हातमोज्यांविना खेळण्याचा अभिमान तिथे इतका, की 1977 मध्ये मोजे वापरायला मुभा मिळाली तेव्हा माइक रॉयको या प्रसिद्ध स्तंभलेखकाने थेट न्यायालयात धाव घेतली आणि दावा जिंकलाही! तेव्हा भांडणे तिथेही होतात, हे आधी मान्य करू.

माझ्या मते खरा फरक फलंदाजीच्या क्रमात आहे. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पहिले दोघे-तिघे षटके संपवतात, आणि नवव्या क्रमांकावरचे जोशीकाका दिवसभर गटारातून चेंडू काढून देऊन बॅट हातात न घेताच घरी जातात. शिकागोच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून, उंच कमान देऊन सावकाश टाकला जातो, त्यामुळे नवख्यालाही तो मारता येतो; शिवाय संघ दहा जणांचा, आणि दहाव्या खेळाडूनंतर पाळी पुन्हा पहिल्याकडे येते. पूर्ण सात डाव खेळले आणि दर डावात तीन जण बाद झाले, तर किमान 21 पाळ्या होतात, म्हणजे दहाही जणांना निदान दोनदा संधी ठरलेली. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे एकाच बाकावर बसून असतात. पाण्याची बाटली फिरते, कोणाच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन कधी आहे ते कळते. ओळख होते ती या बाकावर, मैदानात नव्हे.

सोसायटीत चेंडू टेनिसचाच ठेवा. फलंदाजीची यादी मात्र सामन्याआधी फळ्यावर लिहून लावा, यादीतल्या प्रत्येकाला ठरावीक चेंडू खेळू द्या, तो बाद झाला तरीही, आणि धावफलक लिहिण्याचे काम ज्यांना पळवत नाही अशांकडे द्या. फलंदाजी करणाऱ्या संघासाठी एकच लांब बाक मांडा; सुट्या खुर्च्या नकोत.