दोन काळांची कादंबरी हाती घेतलीस, तर हे ऐक

दोन काळांची कादंबरी म्हणजे आजची आणि पणजीच्या काळची गोष्ट आलटून-पालटून सांगत जुन्या वाड्यातलं घराण्याचं गुपित उलगडणारी. तिची सुरुवातीची चाळीसेक पानं लोकलमध्ये वाचू नकोस. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत स्लो गाडीत तासभर मिळतो खरा, पण मुलुंड-घाटकोपरच्या रेटारेटीत आपण आजच्या काळात आहोत की पणजीच्या, तेच कळेनासं होतं. सुरुवात घरी, एका बैठकीत कर.

वंशावळ काढत जा. पुस्तक ग्रंथसंग्रहालयातून आणलं असेल तर वेगळ्या कागदावर काढ, बाई! नावापुढे जन्म, लग्न, मृत्यूची सालं लिही आणि नुसती वजाबाकी कर. आई लेकीपेक्षा ११ वर्षांनीच मोठी निघाली, की समज, घरातलं कुणीतरी काहीतरी दडवतंय.

नावांवरही विसंबू नकोस. आपल्याकडे माहेरची यमुना लग्नात लक्ष्मी व्हायची, आजोबांचं नाव नातवाला जायचं. त्यामुळे जुन्या कागदांत एकच बाई दोन वाटते आणि दोन पुरुष एकच. लेखक असली गल्लत मुद्दाम करून ठेवतात. डायरी किंवा पत्र आलं, तर ते कुणासाठी लिहिलंय आणि फाडलेलं पान कुणाच्या सोयीचं, हे बघ.

एकाच काळाची प्रकरणं सलग वाचून टाकायचा मोह होईल. मी एकदा तसं केलं. रहस्य कळलं, पण जुन्या प्रकरणात लावलेलं कुलूप लगेच पुढच्या प्रकरणात नात उघडते, ती गंमत हुकली.

वाड्याची वर्णनं मात्र गाळू नकोस. १७६४ साली इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूतल्या गूढ-भयाची, पहिली मानली जाणारी कादंबरी लिहिली, तीही एका किल्ल्याचीच.