तीन वर्षे झाली, तरी आई बाबांच्या फोनला रिचार्ज करते

करोनाच्या काळात घरातले माणूस गमावलेल्या कुटुंबांकडून एक प्रश्न मला आजही वारंवार ऐकावा लागतो: इतकी वर्षे लोटली, आता तरी माणसाने सावरायला नको का? हा प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःविषयी बोलत नसतो, त्याला घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी काळजी वाटत असते. २०२४च्या पावसाळ्यात साताऱ्यातील एक तिशीतला मुलगा असाच आपल्या आईला घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे आला होता. (कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.)

त्याची तक्रार अशी होती की वडील एप्रिल २०२१मध्ये गेले, तरी आई दर ८४ दिवसांनी त्यांच्या मोबाइल क्रमांकाचा रिचार्ज न चुकता करते. "मॅडम, फोन घरात नाहीच, नुसता नंबर चालू ठेवलाय. हे वेड नाही का?" आई शेजारीच बसल्या होत्या आणि शांतपणे ऐकत होत्या. मी त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलले. त्या नीट जेवत होत्या, झोपत होत्या, भजनी मंडळात जात होत्या आणि नातेवाइकांच्या लग्नकार्यातही मिसळत होत्या. पतीच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून येत, पण दिवस अडून राहत नसे. "नंबर बंद झाला की दुसऱ्या कुणाला तरी देतात म्हणे. तेवढं मला बघवणार नाही," इतकेच त्यांचे म्हणणे होते. त्यात मला आजार दिसला नाही.

मुलाचे मात्र तसे नव्हते. त्याला पहाटे तीनच्या सुमारास जाग येई, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की तो गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबे, ठरत आलेले लग्न त्याने दोनदा पुढे ढकलले होते आणि नागपूरला राहणाऱ्या बहिणीशी त्याचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. "तू मला एक फोन तरी करायचास," असे ती त्याला एकदा म्हणाली होती आणि त्यावर त्याने कधीच काही उत्तर दिले नव्हते.

ते उत्तर माझ्यासमोर यायला चार बैठका लागल्या. वडील गेल्याचा निरोप त्याला रात्री अकराला आला तेव्हा आई स्वतः विलगीकरणात होती आणि बहिणीच्या सासरचे सगळे घर तापाने फणफणलेले होते. रुग्णालयातून देह परस्पर स्मशानभूमीकडे नेण्यात आला आणि हा दुचाकीवरून मागोमाग गेला. पिशवीवर मार्करने वडिलांचे नाव लिहिलेले होते, तेवढीच ओळख. चेहरा दाखवा, असे म्हणण्याचे त्याला सुचलेही नाही, कारण तशी परवानगीच नसते अशी त्याची पक्की समजूत होती. बहिणीला फोन लावला असता तर तिने पहिला प्रश्न "दादा, तू बाबांना पाहिलंस ना?" हाच विचारला असता आणि त्याला तो टाळायचा होता. पुढे काही महिन्यांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्च २०२०ची मार्गदर्शक सूचना त्याच्या वाचनात आली. कर्मचाऱ्यांनी खबरदारी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडील बाजू उघडावी आणि नातेवाइकांना अखेरचे दर्शन घेऊ द्यावे, अशी मुभा त्यात होती. स्पर्श न करता करायचे धार्मिक विधीही चालणार होते आणि अस्थींपासून धोका नसल्याचे स्पष्ट म्हटले होते. तेव्हापासून तो स्वतःला गुन्हेगार समजत होता.

निर्बंधांची गरज मी नाकारत नाही. परंतु नियमाने जेवढे काढून घेतले, त्याहून कितीतरी अधिक त्या वेळच्या भीतीने काढून घेतले, हे माझ्याकडे येणाऱ्या घरांमधून मला सतत दिसत आले आहे. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती; प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकटा मुलगा, तोही फाटकाशी उभा, एवढेच घडले.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की दहा-बारा दिवस माणसांची रीघ लागते, चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठले-भात येतो आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दारात टेकताच तोच प्रश्न विचारतो, "कसं झालं?" या प्रश्नाचा लोकांना कंटाळा येतो, मलाही माझे वडील गेले तेव्हा आला होता. मात्र तीच हकीकत तीस-चाळीस वेळा सांगता सांगता तिला सुरुवात आणि शेवट मिळतो, जे घडले ते खरोखरच घडले आहे हे मनाला पटत जाते, आणि "तुम्ही शक्य तेवढं सगळं केलंत" हे वाक्य तीस-चाळीस तोंडांतून कानांवर पडते. या मुलाला ते एकदाही ऐकायला मिळाले नव्हते. गुरुजींनी दहावा व्हिडिओ कॉलवरून सांगितला, दार बंदच राहिले आणि सुतक फिटल्यावर तो थेट कामाला लागला. आईला त्रास नको म्हणून तो गप्प, आणि मुलगा दुखावेल म्हणून आई गप्प.

त्याच्या झोपेसाठी आणि उदासीसाठी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सहा-सात महिने औषधे चालली. पाचव्या बैठकीला बहीण नागपूरहून आली. रुग्णालयातून मिळालेली वडिलांच्या वस्तूंची पिशवी त्याने माळ्यावर लपवून ठेवली होती, ती त्या दिवशी त्याने बरोबर आणली. आत दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा चष्मा होता, बंद पडलेला मोबाइल होता आणि आईने स्वतः आजारी पडेपर्यंत रोज फाटकावर पाठवलेला स्टीलचा डबा होता, त्यावर चिकटपट्टी लावून बेडचा क्रमांक लिहिलेला होता. आईने डबा हातात घेतला, झाकण उघडले, आतून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "घासलेला आहे. तिथं कुणीतरी माया केली त्यांच्यावर." बराच वेळ कुणी बोलले नाही. मग बहिणीने विचारले, "दादा, कसं झालं?" आणि त्याने पहिल्यांदा सगळे सांगितले, चेहरा न पाहिल्याचेही. "मी असते तर मलाही सुचलं नसतं रे," एवढेच ती म्हणाली.

आपल्या घरात असे काही असेल, तर माणूस 'अजून रडते' यावरून आजार ठरवू नये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निकषांनुसार प्रौढांमध्ये शोकाची तीव्रता वर्ष उलटूनही तशीच राहून रोजचे जगणे थांबले असेल, तर दीर्घकालीन शोकविकाराचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही मुदत सहा महिन्यांची आहे. झोप, भूक आणि काम विस्कटले असेल तर तज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते. आणि घरात गप्प राहणाऱ्याकडे, सगळे व्यवस्थित सांभाळतो म्हणून ज्याचे कौतुक होते त्याच्याकडे, आधी पाहावे.

पुढच्या चैत्रात, वडिलांच्या तिथीला, त्यांनी साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला श्राद्ध केले आणि चार वर्षांपूर्वी येऊ न शकलेल्या सगळ्यांना जेवायला बोलावले. साठेक माणसे आली. प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला, आणि मुलगा प्रत्येकाला उत्तर देत होता, असे बहिणीने मला फोनवर सांगितले. आईंचा रिचार्ज अजून चालू आहे. तो थांबवा, असे मी त्यांना सांगितलेले नाही.