संग्राहकांची वाहवा आणि तुमची एफडी

प्रश्न : भोसरीत माझं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रांच्या) जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. जिनिव्हातल्या एका तरुण स्वतंत्र घड्याळजीचं पहिलंच मॉडेल ५० हजार स्विस फ्रँकला मिळतंय. एक तृतीयांश रक्कम आगाऊ, ताबा दोन वर्षांनी. संग्राहक त्यावर फिदा आहेत. प्रतिक्रिया सोबत पाठवतोय. यासाठी ६० लाखांची एफडी मोडू का? त्याच एफडीच्या तारणावर युनिटची ओडी (ओव्हरड्राफ्ट) आहे. किंमत वाढेलच ना?

उत्तर : प्रतिक्रिया वाचल्या. ब्रिजच्या (आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) कडा हाताने घासलेल्या, आतले कोपरे धारदार, पोलादावर आरशासारखं काळं पॉलिश. फिरता कटर आतल्या कोपऱ्यात आपली त्रिज्या ठेवूनच जातो, असा धारदार कोपरा त्याच्याने होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. हे कौतुक खरं आहे, आणि तुम्हाला ते घड्याळ का भुरळ घालतंय तेही कळतं.

पण हे सगळे घड्याळाबद्दल बोलताहेत. उद्या ते तुमच्याकडून कोण घेणार, याबद्दल त्यात एक ओळ नाही. ज्यांचं नाव या घड्याळाच्या प्रतीक्षायादीत लागलंय, त्यांना भाव चढलेला हवाच आहे. ज्यांना घ्यायचंच नाही, ते मोकळ्या मनाने स्तुती करतात, कारण पैसे त्यांचे जात नाहीत. मला कामाची वाटली ती एकच कुरकुर : एवढ्या पैशात नाव झालेल्या कारागिराचं सेकंडहँड घड्याळ येईल. हिशेब करणारा गिऱ्हाईक असाच बोलतो.

तुमच्या डोळ्यांसमोर जिनिव्हातलाच स्वतंत्र घड्याळजी रेजेप रेजेपी असणार. त्याच्या घड्याळाला २०१८ मध्ये जिनिव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या पुरस्कारांत पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीस मिळालं आणि नंतर भाव कुठल्या कुठे गेले. नावाजलेला स्विस घड्याळजी फिलिप द्युफूर याचं सिम्प्लिसिटी हे घड्याळ २००० सालचं. त्याच्या विसाव्या वर्षाच्या खास मालिकेतलं पहिलं घड्याळ नोव्हेंबर २०२० मध्ये लिलावात १३.६ लाख फ्रँकला गेलं. पण या बातम्या जिंकलेल्यांच्या. शिवाय लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं; विकणाऱ्याच्या हाती बरंच कमी पडतं. आणि २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर असलेला जुन्या घड्याळांचा बाजार त्यानंतर चांगलाच उतरला, हेही विसरू नका.

आता तुमचा हिशेब. फ्रँक ११० रुपये धरला तरी घड्याळ ५५ लाखांचं. १८ टक्के जीएसटीचेच दहा लाख होतात, आयात शुल्क वेगळं. (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या एफ्टा गटाच्या देशांशी भारताचा झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, त्यामुळे स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल, ताब्याच्या दिवशीचा दर तेव्हा बघावा लागेल.) म्हणजे ६० लाख पुरतच नाहीत. उरलेले दोन तृतीयांश दोन वर्षांनी, फ्रँकमध्येच द्यायचे. २०२३ च्या सुरुवातीला नव्वदच्या आसपास असलेला फ्रँक २०२५ संपताना ११० पार गेला होता. पुन्हा दहा रुपये चढला, तर तुमचे आणखी सव्वातीन लाखांहून जास्त गेले. मनगटावर घालून विमानतळावरून निघून येऊ, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. शुल्क तिथेही लागतं, आणि लपवलं तर घड्याळ जप्त होऊ शकतं.

एफडी मोडू नका, हे माझं स्पष्ट मत. तुमचे गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतात, पगार मात्र महिन्याला द्यावे लागतात. एफडी मोडायची तर आधी ओडी फेडावी लागेल, आणि मग एखादं मोठं बिल अडकलं की तुम्ही महागडं कर्ज शोधत फिराल. त्या वेळी हे घड्याळ आठवड्याभरात विकलं जाणार नाही.

युनिटच्या पैशाला हात न लावता, वैयक्तिक बचतीतून हौस म्हणून घेत असाल तर मी आडवा येणार नाही. मात्र त्याला गुंतवणुकीच्या रकान्यात धरू नका. घड्याळाची केस (बाहेरचं कवच) सोन्याची किंवा प्लॅटिनमची असेल, तर विकताना भांडवली नफ्याचा प्रश्न निघू शकतो; सीएला आधीच विचारा.

आगाऊ रक्कम देण्याआधी त्या घड्याळजीकडून तीन गोष्टी लेखी घ्या : काम बंद पडलं तर पैसे परत मिळणार का, ठरलेली किंमत ताब्यापर्यंत तीच राहणार का, आणि दहा वर्षांनी तो नसेल तर त्याच्या स्वतःच्या मूव्हमेंटचे (आतल्या यंत्रणेचे) सुटे भाग कोण बनवणार. तिसऱ्याचं उत्तर गोलमाल आलं, तर नंतरचा गिऱ्हाईकही तोच प्रश्न विचारून भाव पाडेल.